लोकरीच्या जीनचा पेपर वाचताना

केराटिन-असोसिएटेड प्रोटीनच्या जीन्सवर पेपर्स ढिगाने आहेत. साचा तोच: थोड्या मेंढ्या, एक व्हेरियंट, तंतूची जाडी, पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली. तुम्ही आधी विचारा, या मेंढ्यांचे बाप किती? एकाच नराची कोकरं जास्त असली, तर फरक त्या व्हेरियंटचा की त्याच्या बाकीच्या जीन्सचा, सांगता येत नाही. चाऱ्यानेही जाडी बदलते. आणि मेरिनोचा मार्कर थेट दख्खनीला लावणं मला तरी पटत नाही. आपल्या सिन्नर-येवल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, घोंगडीची. तिथे ‘बारीक म्हणजे चांगली’ हे कुणी ठरवलं? फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतला फेकबी व्हेरियंट दख्खनीत आणला. त्याची एक प्रत असली तरी जुळी वाढतात, आणि कोकरं मेंढपाळाला हवीच असतात.