निनावी थडगी व प्रक्षेपाचा दोष

अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात डॉसन येथील कोळशाच्या खाणींत दोन भीषण स्फोट झाले. 22 ऑक्टोबर 1913 रोजी 263 माणसे मेली. त्यांत इटली व ग्रीस येथून आलेले मजूर बहुसंख्य होते. 8 फेब्रुवारी 1923 रोजीच्या मृतांचा आकडा कोठे 120, तर कोठे 123 असा आढळतो. पुढे 1950 साली खाणी बंद होऊन गाव मोडले. दफनभूमी व तीतील पांढरे लोखंडी क्रूस मात्र राहिले.

अशा ठिकाणची खूण नसलेली थडगी शोधण्याच्या कामी पुरातत्त्वज्ञ हल्ली विद्यार्थ्यांचे साह्य घेतात. दोऱ्यांनी चौकटी आखून, भूमी न खणता, तीत लहरी सोडून खालच्या थरांचा माग काढावयाचा, ही पद्धती स्तुत्य होय. तथापि लहरींनी हललेली माती कळते. मृताचे नाव कळत नाही. ते हजेरीपट व दफनाच्या नोंदी ताडूनच ठरविले पाहिजे. आणि परकीयांची नावे त्यांत कारकुनाच्या कानास जशी लागली तशी उतरलेली असावयाची, हेही विसरता कामा नये.

ताळा न जुळल्यास जागा रिकामी ठेवावी. पोथीचे गळालेले पान तर्काने भरणे हा प्रक्षेप. क्रुसावर अदमासाने नाव घालणे हाही तोच. पोथीतील प्रक्षेप दुसरी प्रत मिळाल्यास उघडकीस येतो. थडग्याला दुसरी प्रत नसते.