संग्रह, पाठभेद आणि श्रेय : एस.टी. बसच्या मॉड्सच्या लोकसंग्रहांची समीक्षा

सारांश : संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील खेळांत खेळणाऱ्यांनीच केलेल्या फेरबदलांना ‘मॉड’ म्हणतात. महाराष्ट्रातील एस.टी. बसची विविध रूपे अशा मॉड्सच्या स्वरूपात हौशी तरुणांनी घडविली आहेत. त्यांचे संग्रह मात्र बहुतांशी विस्कळीत, श्रेयहीन व अल्पायुषी राहिले. प्रस्तुत लेखात या संग्रहांच्या मांडणीची समीक्षा केली असून, पाठचिकित्सा व ओवीसंकलन या आपल्या परंपरांतून त्यांना कोणते निकष लावता येतील याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मॉड, लोकसंग्रह, पाठभेद, श्रेय, वर्गीकरण, एस.टी.

१. प्रस्तावना

दि. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी पहिली बसही याच मार्गावर सुरू झाली. या दोन तारखांच्या दरम्यान लाल रंगाची साधी गाडी, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर आलेली ‘एशियाड’, वातानुकूलित ‘शिवनेरी’, २०१७ सालची ‘शिवशाही’ अशी एस.टी.ची अनेक रूपे लोकांच्या नजरेसमोरून गेली. सावेडीकरांना जवळच्या तारकपूर बसस्थानकावर यांतील बरीच रूपे पाहावयास मिळाली आहेत. मात्र जुनी गाडी भंगारात निघाली की तिचे रूप केवळ स्मरणात उरते.

हे रूप जतन करण्याचा एक अनपेक्षित मार्ग गेल्या काही वर्षांत निर्माण झाला. इंडोनेशियातील मालेओ या संस्थेचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा भ्रमणध्वनीवरील खेळ २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बसची बाह्य रंगसजावट खेळणाऱ्यास स्वतः तयार करून घालता येते. पुढे संपूर्ण वाहनाची प्रतिकृती घालण्याचीही सोय झाली. या सोयीचा लाभ घेऊन केरळातील तरुणांनी तेथील खासगी व सरकारी बस, तर महाराष्ट्रातील तरुणांनी एस.टी.ची विविध रूपे त्या खेळात उभी केली. जावा बेटावरील रस्त्यावर मराठी पाटी लावलेली लाल बस धावू लागली.

या निर्मितीकडे ‘पोरांचा खेळ’ म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका तशी नाही. ही निर्मिती कोण सांभाळतो, कोणत्या क्रमाने मांडतो आणि कोणाच्या नावावर मांडतो, हे प्रश्न ग्रंथालयशास्त्राचे आहेत तसेच ते साहित्यसमीक्षेचेही आहेत. संग्रहाची मांडणी हा मुळात एक समीक्षाव्यवहार असतो, हे येथील प्रतिपादन आहे.

२. मॉडचे स्वरूप

मॉडची परंपरा नवी नाही. आयडी सॉफ्टवेअर या संस्थेच्या ‘डूम’ (१९९३) या खेळात खेळाचे यंत्र आणि त्यातील दृश्यसामग्री वेगवेगळ्या धारिकांत ठेवलेली होती. त्यामुळे यंत्राला हात न लावता नवे नकाशे व नवी चित्रे घालणे शक्य झाले. ‘हाफ-लाइफ’ या खेळावर १९९९ साली हौशी मंडळींनी रचलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड इतका लोकप्रिय झाला की मूळ खेळाच्या निर्मात्या व्हॉल्व्ह संस्थेने त्याचे हक्क घेऊन २००० साली तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. फेरबदल हा मूळ कृतीइतकाच मोलाचा ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

एस.टी.च्या मॉडकडे बारकाईने पाहिल्यास ती एकसंध कृती नसल्याचे ध्यानात येते. तिच्यात अनेक थर असतात. पहिला थर मूळ खेळाचा. दुसरा बसच्या सांगाड्याच्या त्रिमितीय प्रतिकृतीचा. तिसरा रंगसजावटीचा, बसच्या सर्व बाजू उलगडून पसरलेल्या एका सपाट चित्रावर ती रंगवावी लागते. चौथा पाट्यांचा, म्हणजे आगाराचे नाव, मार्गफलक, वाहनक्रमांक इत्यादींचा. पाचवा ध्वनीचा. हे सर्व थर एकाच हातचे असतील असे नाही. एकाने सांगाडा घडवावा, दुसऱ्याने त्यावर लाल रंग चढवावा, तिसऱ्याने ‘पुणे’ ही पाटी काढून ‘शिर्डी’ लावावी आणि चौथ्याने ते सारे आपल्या नावाने वितरित करावे, असे सहज घडू शकते. अशा वेळी ‘कर्ता कोण?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. म्हणूनच संग्रहकर्त्याची जबाबदारी वाढते.

३. प्रचलित संग्रहांतील उणिवा

या मॉड्सचे प्रचलित संग्रह पाहिल्यास तीन उणिवा प्रकर्षाने जाणवतात.

पहिली उणीव क्रमाची. बहुतेक ठिकाणी मांडणी ‘नवीन’ आणि ‘लोकप्रिय’ या दोनच कसोट्यांवर केलेली असते. ‘नवीन’ हे विशेषण काही महिन्यांत निरर्थक होते. तरीही धारिकेच्या नावात ते तसेच राहते. लोकप्रियतेच्या क्रमाने जे वर आहे तेच अधिक वर जाते. ‘शिवशाही’ची प्रतिकृती हजारोंना हवी असते; एखाद्या आगाराच्या जुन्या मुक्कामी गाडीची मोजक्यांनाच. अशा क्रमवारीत दुसरी प्रतिकृती तळाशी जाते आणि अखेर दिसेनाशी होते. वस्तुतः जतनाची गरज तिलाच अधिक असते.

दुसरी उणीव श्रेयाची. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कर्त्याचे नाव गळते. यावर उपाय म्हणून काही कर्ते बसच्या काचेवर किंवा मागील बाजूस स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवितात. काही जण धारिकेला परवलीचा शब्द घालून तो स्वतःच्या चित्रफितीत सांगतात. ही दोन्ही कृत्ये अविश्वासातून आलेली आहेत. संग्रहात श्रेयाची नोंद विश्वासाने होत नाही, म्हणून कर्त्याला आपली कृती स्वतःच विद्रूप किंवा बंदिस्त करावी लागते. पुढे ती चित्रफीत नाहीशी झाली की कुलूप राहते आणि किल्ली हरवते.

तिसरी उणीव आवृत्त्यांची. नवी ‘सुधारित’ प्रत आली की जुनी पुसली जाते. याचे परिणाम दाखविण्यास आपल्या गावाचेच उदाहरण पुरेसे आहे. २०२४ साली अहमदनगरचे अधिकृत नाव ‘अहिल्यानगर’ झाले. त्यापूर्वीच्या मॉडवर ‘अहमदनगर’ ही पाटी असणे स्वाभाविक आहे. ती पाटी बदलून जुन्या प्रतीच्या जागी नवी ठेवली, तर मॉड अद्ययावत होईल. परंतु ते केव्हा घडविले गेले याचा अंतर्गत पुरावा नष्ट होईल. येथे प्रश्न नावाच्या इष्टानिष्टतेचा नसून कालनिश्चितीचा आहे. हस्तलिखिताचा काळ ठरविताना आपण लिपीची वळणे पाहतो. मॉडच्या बाबतीत तेच काम पाटी करते.

या उणिवा दाखविताना एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. हे संग्रह चालविणारी मंडळी विनामोबदला, शिक्षण किंवा नोकरी सांभाळून, पुष्कळदा केवळ भ्रमणध्वनीच्या आधारे हे काम करतात. त्यांच्यापुढे आदर्श ठेवण्याचे काम ज्यांचे होते, त्या शिक्षणसंस्थांनी या क्षेत्राकडे पाहिलेलेच नाही. दोषाचा काही वाटा आपल्याकडेही येतो.

४. परंपरेतील तीन नमुने

एका कृतीच्या अनेक प्रतींचे काय करावे, हा प्रश्न मराठी विद्येला अपरिचित नाही. त्याला मिळालेल्या तीन उत्तरांचा येथे विचार करता येईल.

पहिले उत्तर एकनाथांचे. सावेडीच्याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत तिच्या प्रतींत पाठभेद व भर शिरली. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, प्रती ताडून शुद्ध संहिता सिद्ध केली आणि तीत यापुढे कोणी स्वतःची ओवी मिसळू नये असे बजावले. येथे मूळ कर्ता एक आहे, त्याचे स्थान अनन्य आहे, आणि भर हा दोष मानला आहे. मॉडच्या संग्रहाला हा नमुना जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण मॉड म्हणजेच भर. भर निषिद्ध ठरविल्यास संग्रहच उरणार नाही.

दुसरे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे. १९१९ साली आरंभिलेली व १९६६ साली पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे उदाहरण. या आवृत्तीतही मूळाच्या जवळ जाणारी संहिता निश्चित केली आहे. मात्र बाजूस सारलेले पाठ फेकून दिलेले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत हस्तलिखितांच्या संकेतांसह नोंदविले आहेत. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचकाला तो तपासता येतो. जुनी प्रत पुसणाऱ्या संग्राहकांनी या शिस्तीतून बोध घेण्यासारखा आहे.

तिसरे उत्तर जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. येथे ‘मूळ’ ओवी शोधण्याचा आग्रह नाही. एकच आशय दहा बायांनी दहा प्रकारे गायिला असेल, तर दहाही नोंदी ठेवावयाच्या. आणि गाणारीचे नाव व गाव ओवीसोबत लिहावयाचे. ज्या स्त्रियांना कवयित्री म्हणून कोणी ओळखले नव्हते, त्यांना या नोंदीने कर्तृत्व मिळाले. वर्गीकरण विषयवार असल्यामुळे एकच विषय निरनिराळ्या गावांत कसा आला आहे, हेही ताडता येते.

मॉडच्या संग्रहाला सर्वांत जवळचा नमुना हा तिसरा होय. तथापि एक भेद विसरता येत नाही. ओवी आपल्या आधाराशिवाय उभी राहते. मॉड राहत नाही. सांगाडा नसेल तर रंग निरुपयोगी, आणि खेळाची आवृत्ती बदलली तर सांगाडाही निरुपयोगी. म्हणून ओवीसंकलनातील श्रेयाच्या नोंदीला चिकित्सक आवृत्तीतील वंशावळीच्या नोंदीची जोड द्यावी लागेल.

५. परत घेण्याचा हक्क

या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न हा की, कर्त्याने आपली कृती संग्रहातून परत मागितली तर काय करावे? २००१ साली सुरू झालेल्या ‘नेक्सस मॉड्स’ या मोठ्या संग्रहाने जुलै २०२१ मध्ये असे जाहीर केले की, यापुढे कर्त्याने काढलेली धारिका कायमची नष्ट न होता संग्रहाच्या दप्तरात राहील. अनेक मॉड्स एकत्र गुंफणाऱ्या याद्या एक धारिका नाहीशी होताच कोसळतात, हे त्यामागील कारण होते. असहमत कर्त्यांना आपल्या धारिका पूर्णतः काढून घेण्यासाठी महिन्याची मुदत देण्यात आली. अनेक कर्त्यांनी नाराजी व्यक्त केली व काहींनी आपल्या कृती काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना आधार आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला श्रेयाचा आणि कृतीच्या विकृतीस हरकत घेण्याचा विशेष अधिकार देते. दुसरीकडे, ज्याच्या सांगाड्यावर इतर वीस जणांनी काम केले आहे, त्याने तो सांगाडा काढला तर त्या विसांचे श्रमही बुडतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, नेक्ससचे उद्दिष्ट योग्य होते, परंतु क्रम चुकला. नियम कृती स्वीकारताना सांगावयाचा असतो. कृती हाती आल्यावर बदललेला नियम, मुदत दिली तरी, पूर्वीच्या कर्त्यांवर लादलेलाच ठरतो. संग्रहाने प्रवेशाच्या वेळीच संमती घ्यावी. तीनुसार धारिका काढावी लागली तरी तिची नोंद, म्हणजे नाव, कर्ता, दिनांक, आधार आणि ‘कर्त्याच्या इच्छेने मागे घेतले’ हा शेरा, कायम ठेवावी. गहाळ पोथीचेही नाव सूचीत राहते. त्यामुळे निदान ती होती हे कळते.

६. मांडणीची सूत्रे

वरील विवेचनावरून काही सूत्रे सुचविता येतात.

(अ) प्रत्येक मॉडसोबत एक साधे नोंदपत्र असावे. ‘डूम’च्या जुन्या संग्रहात प्रत्येक धारिकेसोबत ठरावीक नमुन्याचा मजकूर जोडण्याची प्रथा होती. त्यात शीर्षक, कर्ता, आधारभूत कृती आणि ‘यावर इतरांनी पुढील काम करावे की करू नये’ हे स्पष्ट लिहिलेले असे. इतकी साधी प्रथाही वाद टाळण्यास पुष्कळ उपयोगी पडते.

(आ) वर्गीकरण एकाच उतरंडीने न करता पैलूंनी करावे. डॉ. रंगनाथन यांनी १९३३ साली मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचे हेच मर्म आहे. बसचा प्रकार, आगार, दर्शविलेला काळ, मॉडचा थर, खेळाची आवृत्ती आणि कर्ता असे पैलू स्वतंत्र नोंदविल्यास एकच कृती सहा वाटांनी सापडू शकते.

(इ) दर्शविलेला काळ आणि निर्मितीचा काळ वेगवेगळे नोंदवावेत. आज घडविलेली जुनी ‘एशियाड’ ही स्मरणावर आधारलेली कृती आहे, समकालीन नोंद नव्हे.

(ई) निवड आणि जतन ही दोन कामे वेगळी ठेवावीत. ‘डूम’च्या समुदायात २००४ पासून दरवर्षी उत्तम कृतींचा गौरव होतो, पण गौरव न झालेली कृती त्यामुळे संग्रहाबाहेर जात नाही. निवड करताना ‘हुबेहूब’ ही एकच कसोटी पुरेशी नाही. घासलेला पत्रा, हाताने रंगविलेली पाटी, खिडकीची गंजलेली चौकट यांतून कर्त्याची निरीक्षणशक्ती दिसते. ती ओळखणे हे समीक्षकाचे काम आहे.

(उ) संग्रह एका व्यक्तीच्या हाती नसावा. किमान दोन सांभाळणारे व दोन ठिकाणी प्रती असाव्यात. बहुतेक संग्रह द्वेषाने बुडत नाहीत; चालविणाऱ्याला नोकरी लागते आणि ते बुडतात.

मूळ खेळाच्या कंपनीचे व महामंडळाच्या बोधचिन्हाचे हक्क हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. विक्री न करणे आणि कृती अनधिकृत असल्याचे स्पष्ट लिहिणे, एवढी खबरदारी कोणत्याही हौशी संग्रहाने घ्यावीच.

७. समारोप

महाविद्यालयीन ग्रंथालये, मराठी विभाग व संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन असा एखादा छोटा संग्रह नोंदपत्रांसह सिद्ध करणे अशक्य नाही. त्यास मोठा निधी लागत नाही. सूचीची शिस्त लागते, आणि ती शिकविणे हेच आपले काम आहे. विद्यार्थ्याला पाठभेद ही संकल्पना पोथीच्या उदाहरणाने जितकी कळते, तितकीच ती त्याने स्वतः रंगविलेल्या बसच्या उदाहरणानेही कळेल.

एकनाथांना तीन शतकांच्या प्रती ताडावयास मिळाल्या, कारण कोणीतरी त्या सांभाळल्या होत्या. गेल्या काही वर्षांत तरुणांनी घडविलेली एस.टी.ची शेकडो रूपे पुढील अभ्यासकाला ताडावयास मिळतील की नाही, हे आज त्यांची नोंद कोण करतो यावर अवलंबून आहे. नोंद करताना पाटीवरचे गाव जसे आहे तसे ठेवावे, आणि पाटी रंगविणाऱ्याचे नावही.