पुलारचे कूळ : एका वर्गीकरणाची चिकित्सा

सेनेगल नदीच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे सेनेगल व मॉरितानिया या देशांत, बोलली जाणारी पुलार ही फुला भाषेची एक प्रमुख बोली होय. या भाषेच्या पूर्वेकडील बोलींना फुलफुल्दे म्हणतात. तिचे अनेक भाषक परंपरेने गोपालक आहेत. या वस्तुस्थितीचा तिच्या कुलनिर्णयावर दीर्घकाळ अनिष्ट परिणाम झाला.

कार्ल माइनहोफ यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फुलाची गणना हॅमिटिक भाषांत केली. गोपालन व वंश यांच्या कल्पनांना त्यांनी व्याकरणाचा एक आधार दिला, तो म्हणजे ‘ध्रुवता’. ‘गोर्को’ (पुरुष) याचे अनेकवचन ‘वोर्बे’. उलट ‘वुरो’ (गाव) याचे ‘गुरे’. एकीकडे ग-चा व होतो, तर दुसरीकडे व-चा ग. हे निरीक्षण यथार्थ आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

फुलामध्ये नामांचे वीसहून अधिक वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाचा प्रत्यय निराळा असून नामाचे आद्य व्यंजन कोणते रूप घेईल, हेही सामान्यतः वर्गच ठरवितो. ‘वोर्बे’मध्ये व येतो तो ‘बे’ या मनुष्यवाचक अनेकवचनी वर्गामुळे. एकवचनाचा विरोध दर्शविण्यासाठी नव्हे. शिवाय काही वर्गांत याच व्यंजनाचे ‘ङ्ग’ असे तिसरे, सानुनासिक रूप आढळते. जेथे रूपे तीन आहेत, तेथे दोन ध्रुवांचा सिद्धान्त अपुरा पडतो.

अशी वर्गव्यवस्था व आद्य व्यंजनविकार शेजारच्या सेरेर भाषेतही आहेत. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात वंश व व्यवसाय हे निकष वर्ज्य करून, केवळ रूपे व मूलभूत शब्द यांच्या आधारे फुलाला नायजर-काँगो कुळाच्या अटलांटिक शाखेत स्थान दिले. त्या शाखेच्या एकसंधतेविषयी पुढे मतभेद झाले. तथापि फुला व सेरेर यांचे नाते त्यामुळे बाधित होत नाही.

फ्रेंच वसाहतकालीन लेखकांनी फुता तोरो प्रदेशातील गोपालकांना ‘पल’ आणि स्थायिक शेतकऱ्यांना ‘तुकुलर’ म्हणून वेगळे केले. वस्तुतः दोघांची भाषा पुलारच. तेथील लोक स्वतःला ‘हाल्पुलारेन’, म्हणजे ‘पुलार बोलणारे’, असे म्हणवितात. समाजाच्या या नावात वंशाचा उल्लेख नाही, भाषेचा आहे. माइनहोफ यांच्या वर्गीकरणात मात्र वंशाच्या कल्पनेने भाषेच्या साक्षीवर मात केली.