दाम आणि दृष्टी

गोंदियातील आमच्या घरी दीनानाथ दलालांचे एक मुखपृष्ठ चौकटीत लावलेले आहे. परवा एक रसिक स्नेही म्हणाले, “चित्र गोड खरे, पण बाजारी!” तो शब्द मला सलला.

जुन्या चीनमधील विद्वान चित्रकारही बाजाराला नाके मुरडीत. चित्रे आपण स्नेह्यांसाठी काढतो, असे ते म्हणत. स्नेही मात्र भेटवस्तूंनी त्यांची फेड करीत. हा आडपडदा झेंग बानछ्याव (१६९३–१७६५) याने दूर केला. सरकारी अधिकारपद सोडून तो मिठाच्या धनाढ्य व्यापाऱ्यांच्या यांगझौ शहरी राहिला. १७५९ मध्ये त्याने दरपत्रकच लिहिले: ताएल या चिनी वजनाने मोठ्या चित्रास ६ ताएल चांदी, मध्यमास ४, लहानास २, भेटींपेक्षा रोकड बरी! तरीही त्याचे बांबू आमच्या नवेगावच्या रानातल्यासारखेच ताठ राहिले.

दलालांनीही १९४५ मध्ये ‘दीपावली’ उघडपणे बाजारात आणला. त्यांची रेषा समर्थ होती. मात्र वाचकांना रुचलेला तोच लोभस स्त्रीमुखडा त्यांनी वारंवार काढला, तिथे मला ती थकलेली वाटते. दोष दाम घेण्यात नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहण्यात आहे. आणि ते गिऱ्हाईक म्हणजे, वाचकहो, आपणच!