मिनिटांचे मोल : ऑनलाइन रुग्णसल्ल्याच्या देयक-संकेतांची चिकित्सा

प्रस्तावना :
वैद्यकीय देयक हा वरवर पाहता केवळ हिशेबाचा विषय वाटतो. परंतु ज्या संकेतांच्या आधारे देयक तयार होते, ते संकेत डॉक्टरांचे कोणते श्रम 'सेवा' या संज्ञेस पात्र आहेत, हेही ठरवीत असतात. अमेरिकेत हे कार्य 'सीपीटी' ही संकेतावली करते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यातील ऑनलाइन सल्ल्याविषयीच्या तरतुदींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेळेचा निकष :
परिचित रुग्णाने पोर्टलवरून लेखी विचारलेल्या प्रश्नासाठी २०२० पासून ९९४२१, ९९४२२ व ९९४२३ हे संकेत लागू झाले. सात दिवसांत डॉक्टरांनी दिलेला एकूण वेळ ५ ते १० मिनिटे, ११ ते २० मिनिटे की २१ मिनिटे वा अधिक, यावरून संकेत निश्चित होतो. वेळ मोजता व तपासता येतो, त्यामुळे खोट्या देयकांना आळा बसतो, हे या निकषाचे बलस्थान मान्य केले पाहिजे. तथापि अनुभवी डॉक्टरने तीन मिनिटांत धोक्याचे लक्षण ओळखले, तर त्या निदानाला या संकेतांत स्थानच नाही. येथे कौशल्यापेक्षा रेंगाळणे अधिक मोलाचे ठरते.

माध्यमाचा निकष :
दूरध्वनीवरील सल्ल्याचे ९९४४१ ते ९९४४३ हे संकेत १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाले. त्याच वेळी सीपीटीमध्ये ९८००० ते ९८०१५ हे नवे संकेत आले. मात्र मेडिकेअरने ते स्वीकारले नाहीत. मेडिकेअरसाठी नेहमीच्याच भेटीच्या संकेताला केवळ ध्वनिसंभाषण दर्शविणारा ९३ हा उपसंकेत जोडावा लागतो. परिणामी, एकच संभाषण देयकाचे पैसे कोण देणार यानुसार निरनिराळ्या नावांनी नोंदले जाते. या गुंतागुंतीची झळ ज्यांच्याकडे साधा दूरध्वनीच आहे, अशा वृद्ध रुग्णांना पोहोचण्याची शक्यता अधिक आहे.

भारतीय संदर्भ :
२५ मार्च २०२० रोजीच्या भारतीय दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी शुल्काच्या बाबतीत दूरसल्ला प्रत्यक्ष सल्ल्यासारखाच मानला व पावती देण्यास सांगितले. मिनिटांची उतरंड रचली नाही. ही साधी व्यवस्था रुग्णाला समजण्याजोगी आहे. मात्र विमादाव्यांचे प्रमाण वाढले की तपशीलवार संकेतांची मागणी होणे स्वाभाविक आहे.

निष्कर्ष :
अमेरिकी देयकांचे संकेतन करणे हे आज आपल्याकडील अनेक पदवीधरांच्या रोजगाराचे साधन आहे. महाविद्यालयांनी हा विषय शिकवावा. परंतु संकेत पाठ करून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे. प्रत्येक संकेत काय मोजतो आणि काय वगळतो, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला पाहिजे. भारतीय संकेतावली घडविण्याची वेळ येईल, तेव्हा हाच प्रश्न विचारणारी माणसे आपल्याला लागतील.