झिजून उजळलेला गुलाबी

कामानिमित्त मार्चमध्ये जयपूरला जाणं झालं, तर दोन बैठकांमधला तास मानसागर तलावाच्या बाजूला काढावा. जलमहालाभोवतीच्या पाण्यात थापट्या आणि तलवार बदकं परतीच्या तयारीत असतात. ती सावकाश बघता येतील. आधी एखादी फुललेली काटेसावर गाठावी, कारण भोरड्यांचा कलकलाट तिथे चालू असतो.

थव्यातली एकच भोरडी निवडून दुर्बीण तिच्यावर ठेवावी. डोकं, गळा, पंख, शेपटी काळी. उन्हाची तिरीप आली की त्या काळ्यात हिरवी-जांभळी झाक. पाठ आणि पोट मात्र फिकट गुलाबी. नराची शेंडी मानेवर रुळते आणि गाताना फुलते. सावरीच्या फुलात तोंड खुपसून कपाळ परागांनी पिवळं झालेलं. १८७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून सवाई रामसिंहांनी शहराला दिलेला गुलाबी खरं तर गेरूकडे झुकतो. भोरडीचा त्याहून कितीतरी कोवळा.

आणि तो ज्या रीतीने येतो, त्याला तोड नाही! पावसाळा सरताना या पक्ष्याला नवी पिसं येतात, तेव्हा प्रत्येक पिसाला मळकट किनार असते आणि सगळं अंग मातकट दिसतं. सोलापूर-नगरच्या ज्वारीत गोफणीचे दगड चुकवत हिंडणारी भोरडी ती हीच. हिवाळाभराच्या वावरात किनारी झिजतात. वसंतात एकही नवं पीस येत नाही. जुन्याचीच कड गळून आतला रंग उघडा पडतो. रंगाची इतकी काटकसर आणि इतकी श्रीमंती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

संध्याकाळी काम आटोपल्यावर पुन्हा यावं. रातथाऱ्यावर उतरण्याआधी हजारोंचा थवा आकाशात वळतो, दाटतो, विरतो. पुढारी कोणीच नसतो. रोममध्ये हिच्या चुलतबहिणीच्या, युरोपीय मैनेच्या थव्यांचा अभ्यास झाला. त्यात दिसलं, की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांचंच भान ठेवतो. शिक्रा दिसला की थवा क्षणात आवळतो.

हा शृंगार विणीसाठी, कझाकस्तानकडच्या गवताळ मुलखासाठी. तिथे टोळ आणि नाकतोडे मुबलक, म्हणून पिल्लं तिकडेच वाढवायची. २०२०च्या मेअखेरीस टोळधाड जयपूरच्या वस्त्यांवर उतरली, तेव्हा टोळांचा हा शत्रू उत्तरेला निघून गेलेला होता. आपल्या वाट्याला हा रंग येतो तो प्रवासाआधीच्या थोड्या आठवड्यांपुरता, आणि तोही बहुधा कचेरीच्या वेळेतच.