दाबून भरणारा घट: दावा आणि आकडे

ज्याच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यात पसरले आहे, त्या उजनी धरणावर 12 मेगावॅटचे जलविद्युत यंत्र आहे. उलट फिरवून पाणी पुन्हा जलाशयात चढवता यावे, अशी त्याची बांधणी आहे. वीज देणारे आणि साठवणारे यंत्र एकच, ही कल्पना म्हणजे आपल्या मुलांना अगदीच परकी नाही.

हेच काम करणाऱ्या लवचीक साधनांविषयी लिहिताना 2012 सालच्या एका निबंधाचा हवाला हमखास दिला जातो. जॉर्जिया टेक येथील झाँग लिन वांग यांच्या गटाचा हा निबंध 'नॅनो लेटर्स'मध्ये आला. त्यांनी लिथियम घटातील दोन अग्रांमधला पडदा पीव्हीडीएफ या दाबविद्युत प्लॅस्टिकचा केला. घट दाबला की पडद्यात विभवांतर निर्माण होते व त्याच्या ओढीने लिथियमचे आयन सरकतात. वेगळे जनित्र नको, रेक्टिफायर नको. कल्पना सुरेख आहे, यात शंका नाही.

आता आकडे पाहू. 45 न्यूटन बलाने, सेकंदाला 2.3 वेळा, असे 240 सेकंद दाबल्यावर विभवांतर 327 वरून 395 मिलिव्होल्टवर गेले. साठवण झाली 0.036 मायक्रोअँपिअर-तास. हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा. ऊर्जा 50 मायक्रोज्यूलच्याही आत येते. 20 मिलिवॅटचा एलईडी तीवर अडीच मिलिसेकंदही जळणार नाही. साडेपाचशे वेळा दाबून एवढेच!

पण आकडा लहान आहे, हा माझा मुख्य आक्षेप नाही. पहिले प्रयोग लहानच असतात. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड या जोडीचा भरलेला घट सुमारे 2 व्होल्ट देतो. इथे तर 0.4 व्होल्टही गाठलेले नाहीत. मग याला घट 'भरला' म्हणायचे, की नुसता चाळवला? शिवाय दाब सुटताच पडद्यातला जोर ओसरतो. तेव्हा आयन मागे का फिरत नाहीत, हे चाणाक्ष विद्यार्थी विचारीलच. आणि ज्या लवचीकपणाचे कौतुक होते, तो या पहिल्या घटात नव्हताच. तो पोलादी बटन-डबीत बंद होता. वाकणारी आवृत्ती याच गटाने नंतर केली.

बारामती-इंदापूरकडच्या विज्ञान प्रदर्शनात कोणी 'बुटातून वीज' मांडली, तर दिवा लागला एवढ्यावर गुण देऊ नयेत. बझरमधली दाबविद्युत चकती, चार डायोड आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्यावा. शंभर वेळा दाबून व्होल्ट मोजावेत आणि अर्धा गुणिले धारिता गुणिले व्होल्टचा वर्ग, हे उत्तर तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावावे.